बिरागोच्या यंत्राचा मेंदू

कुमासी शहराजवळच्या न्तोन्सो गावात कुणाच्याही अंगणात डोकावलं तर दोन गोष्टी हमखास दिसतात: चुलीवर रटरटणारा झाडाच्या सालीचा काळा रंग, आणि ठसे उठवण्यासाठी ताणून ठेवलेलं कापड. कोनादूबाईंच्या अंगणात तिसरीही एक गोष्ट होती. खुराड्याला लागून, पत्र्याच्या छपराखाली, लोखंडी नळ्यांचा एक चौकोनी सांगाडा उभा होता आणि त्याच्यावर कोनादूबाईंचे टॉवेल वाळत असायचे. हे त्यांच्या लेकीचं, बिरागोचं, यंत्र. संगणकाने हुकूम द्यायचा आणि यंत्राने त्या हुकमाबरहुकूम लाकूड कोरायचं, असं ते असणार होतं. वर्ष होत आलं तरी त्याने टॉवेल वाळवण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

बिरागो कुमासीत फोटोकॉपीची यंत्रं दुरुस्त करायची. चाळिशी उलटलेली, अंगाने दणकट, बोलायला कमी. तिच्या खिशात वीज तपासायचा, काट्याचा एक जुना मीटर कायम असे आणि समोर येईल त्या वस्तूला ती त्याच्या दोन तारा लावून बघे. नवऱ्याशी पटेना तेव्हा ती भांडत बसली नाही; कपड्यांची पिशवी आणि तो मीटर घेऊन सरळ आईकडे परत आली. मोडीत निघालेल्या फोटोकॉपी यंत्रांतल्या मोटरी तिने वर्षानुवर्षं जमवल्या, कुमासीच्या स्वामे भागातल्या भंगारवाल्यांकडून नळ्या आणून सांगाडा जोडून घेतला आणि मग गाडी अडली. अंग तयार होतं, मेंदू नव्हता. मोटरींना कधी आणि किती फिरायचं ते सांगणारा कंट्रोलर कोणता घ्यावा आणि त्याच्या जोडीला सॉफ्टवेअर कोणतं, हे काही तिच्याने ठरेना.

बिघडलेली कुठलीही वस्तू ती डोळे मिटून दुरुस्त करील, पण नवी निवडायची म्हटली की ती अडायची. साधी कढई घ्यायची तरी बाजाराच्या चकरा मारून ती रिकाम्या हाताने परत यायची. त्यात कुमासीत असल्या यंत्रांच्या हौशी लोकांची एक टोळी होती. रविवारी चर्च सुटलं की चांगल्या कपड्यांतच ही मंडळी दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या त्वुमासीच्या वर्कशॉपमध्ये जमायची आणि संध्याकाळी भुसा झटकत घरी जायची. तिथे सल्ल्यांना तोटा नव्हता. एक पक्ष म्हणे, जुना टेबलावरचा कॉम्प्युटर घे, त्यावर ते जुनं विकतचं सॉफ्टवेअर टाक, एकदा बसलं की म्हातारपणापर्यंत बघायला नको. दुसरा पक्ष म्हणे, कॉम्प्युटर कशाला मरायला, हातात धरायचा कंट्रोलर घे. तिसऱ्या पक्षात सगळे तरुण. ते तळहाताएवढा एक स्वस्त बोर्ड दाखवायचे आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेल्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे गोडवे गायचे. बिरागो सगळ्यांचं ऐकून घ्यायची, सगळ्यांना हो म्हणायची आणि हात हलवत घरी यायची.

कोनादूबाई टॉवेल पिळता पिळता म्हणाल्या, "एवढी चौकशी लग्नाच्या वेळी केली असतीस तर आज इथे नसतीस."

बिरागोने मीटर काढून खुराड्याच्या जाळीला लावून पाहिला. आईला उत्तर द्यायचं नसलं की ती असंच काहीतरी करत असे.

या घरात ठसे कोरायचं काम कोनादूबाईंचा भाऊ करी. बादूमामा. वाळलेल्या तुंब्याचा तुकडा घ्यायचा, सुरीने त्याच्या पाठीवर नक्षी उचलून काढायची, मागे काटक्यांची मूठ बांधायची, की झाला ठसा. मामाच्या हातचे ठसे लांबलांबचे लोक ओळखत. सुरी मामाकडून भाच्याकडे जायची, हा घराचा रिवाज. कोनादूबाईंना मुलगा झालाच नाही, आणि भाचीच्या हातात सुरी द्यावी हे मामाच्या मनातही कधी आलं नाही. त्यात दुष्टावा नव्हता. तो विचारच त्या घरात कुणाला सुचला नव्हता. बिरागोकडे लहानपणापासून एकच काम असे. मामा कोरायला बसण्याआधी तुंब्याला शियाचं, म्हणजे शियाच्या झाडाच्या बियांतून काढलेलं, लोणी चोळायचं, म्हणजे तो मऊ राहतो, तडकत नाही. तिने किती तुंबे चोळले असतील त्याला गणती नाही. चोळून झालं की मामा तुंबा तिच्या हातातून घ्यायचा आणि ती मागे सरून बसायची.

गावची राणीमाता गेली तेव्हा मामावर एक शब्द बाकी राहिला होता. हयात असताना तिने मामाला सांगून ठेवलं होतं, की माझ्या वर्षाच्या कार्याच्या कापडावर जुना ठसा वापरू नकोस, माझा म्हणून एक नवा काढ. मामाने मान डोलावली होती. आता वर्ष भरत आलं आणि मामाच्या हातांना कापरं सुटलं. घास तोंडाकडे नेताना हात कपाळापर्यंत जायचा, मग सुरी कुठली चालायची. राणीमातेच्या घरची वडीलधारी माणसं भेटायला आली. बोलली गोडच. मामाला जमत नसेल तर कुमासीत जाळीच्या चौकटीतून छापणारा एकजण आहे, तो दोन दिवसांत कापड देतो, मामाने मनाला लावून घेऊ नये, एवढंच म्हणाली. ती माणसं गेल्यावर मामाने सुरी फडक्यात गुंडाळली आणि आढ्याला खोचून ठेवली.

बिरागोने ते पाहिलं. आजवर यंत्र ही तिची हौस होती. त्या क्षणापासून ती हौस राहिली नाही. मामाचा शब्द खाली पडता कामा नये, आणि तो पडू न देणारं दुसरं कुणी या घरात नव्हतं.

"मामा, नक्षी डोक्यात आहे ना?" तिने विचारलं.

"आहे की. डोक्याला कापरं नाही सुटलं."

"मग मला द्या."

"कशी देऊ? डोकं उघडून फोटोकॉपी काढणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी ती त्वुमासीकडे गेली आणि पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. त्वुमासी दुसऱ्या पक्षाचा पुढारी. गडगडाटी हसणारा, मनाने उमदा, आपलंच खरं करणारा. त्याने आपला हातात धरायचा कंट्रोलर काढून दिला. टीव्हीच्या रिमोटचा थोरला भाऊ शोभेल असं ते प्रकरण होतं.

"बाईसाहेब, आपल्याकडे लाईट जाते," तो म्हणाला. "अर्ध्या कामात जाते. हा गडी कुठे थांबलो ते लक्षात ठेवतो. बाकीचे सगळे मेंदू लाईट गेली की वेडे होतात. निवडायचं काय त्यात?"

हे बोलणं खोटं नव्हतं. बिरागोने कंट्रोलर जोडला, टॉवेल उतरवले, आणि यंत्र पहिल्यांदा हललं. एका सपाट फळीवर तिने मामाच्या एका जुन्या ठशाची नक्षी कोरून काढली. रेघ इतकी सुबक आली की तिला आनंदाने हसूच फुटलं. तिने ठसा आईच्या हातात दिला. कोनादूबाईंनी तो रंगात बुडवला, कापडावर टेकवला आणि उचलला. कापडावर नक्षीच्या जागी चिखलात पाय पडल्यासारखा एक काळा डाग उमटला.

"ही फळी आहे," कोनादूबाई म्हणाल्या. "हिच्यावर मासे चिर."

बिरागोने कपाळावर हात मारला. ठसा कापडावर दाबत नाहीत, झुलवतात. तुंब्याची पाठ गोल असते म्हणूनच तर तो कापडावर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे लोळतो आणि रंग साचू न देता रेघ सोडत जातो. जन्मभर हे डोळ्यांसमोर घडत असताना ती यंत्राच्या सोयीचा विचार करत बसली होती. यंत्राला सपाट हवं म्हणून तिने सपाट घेतलं. कोरायचं तर तुंब्यावरच कोरायला हवं होतं, आणि कुठलेही दोन तुंबे सारखे गोल नसतात. म्हणजे यंत्राने आधी सुईने तुंब्याची पाठ जागोजागी चाचपून पाहायची, चढउतार ध्यानात ठेवायचा आणि मग त्या चढउताराप्रमाणे पातं खालीवर करत कोरायचं. त्वुमासीच्या गड्याला हे येत नव्हतं. जुन्या विकतच्या सॉफ्टवेअरला येत होतं, पण ओढूनताणून. तरुणांच्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र कुणा हौशीने नेमकी हीच सोय करून ठेवली होती.

वर्षभर जे ठरत नव्हतं ते एका डागाने ठरवलं. चांगलं कोणतं, असं ती आजवर विचारत आली होती, आणि त्या प्रश्नाला मिळणारी सगळीच उत्तरं चांगली होती. तुंब्याला काय हवं, असं विचारल्याबरोबर एकच उत्तर उरलं. तिने तळहाताएवढा बोर्ड आणला, जुन्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर घातलं आणि त्वुमासीचा कंट्रोलर आभार मानून परत केला.

"लाईट गेली की माझी आठवण येईल," त्वुमासी म्हणाला.

"मग कोरायच्या दिवशी या तुम्हीच बघायला," ती म्हणाली. एवढं धीटपणे ती एरवी बोलली नसती.

नक्षी मिळवायची युक्ती मात्र मामालाच सुचली. त्याने अंगण झाडून घ्यायला लावलं, फूफूसाठी उकडलेले कंद कुटायचं लांबलचक मुसळ मागवलं आणि दोन्ही हातांत धरून त्याच्या टोकाने वाळूत रेघ ओढायला सुरुवात केली. मुसळ जड, रेघ मोठी. त्या वजनाखाली हातांचं कापरं दबून गेलं. मामा सगळ्या अंगणातून फिरत होता आणि त्याच्यामागे चुलीचे तीन दगड, त्यांच्याभोवती एक वळसा, आणि त्या वळशातून वर उघडणारी ओंजळ असं उमटत गेलं. राणीमातेच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नव्हतं. बिरागो छपरावर चढली आणि वरून फोनवर फोटो काढला. रेघेत कुठे कुठे थरथर राहिली होतीच, पण अंगणाएवढी नक्षी तळहाताएवढी केली तेव्हा ती थरथर दिसेनाशी झाली. मामाने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवून रेघ निरखली, शेवटपर्यंत, आणि ही आपलीच आहे असं हलक्या आवाजात कबूल केलं.

मग मामाने राखून ठेवलेला जाड सालीचा जुना तुंबा बाहेर काढला. असे तुंबे आता मिळत नाहीत. त्याचे कामाचे दोनच तुकडे निघाले. सुईला तुंबा लागल्याचं कळावं म्हणून त्यावर वीज वाहील असं काहीतरी हवं होतं, म्हणून बिरागोने जेवण बांधायचा चंदेरी कागद आणला, तुकड्यावर चिकटवला, त्याला तारेचा चिमटा लावला आणि यंत्र सुरू केलं. सुई खाली येत होती तेवढ्यात चिमट्याच्या ओझ्याने कागद सुळकन बाजूला घसरला. यंत्राला वाटलं अजून तुंबा आलाच नाही. ते सुई खाली ढकलत राहिलं. बिरागोचा हात बटणापर्यंत पोहोचेतो सुई आरपार गेली होती आणि तुकडा मधोमध तडकला होता.

तिने कागद उचलून पाहिला. खालचा तुंबा लख्ख चमकत होता. सकाळी उठून, कशाचाही विचार न करता, तिने दोन्ही तुकड्यांना शियाचं लोणी चोळून ठेवलं होतं. या घरात लोण्याशिवाय तुंब्याला हात लावायचा नसतो, हे तिच्या हातांना तिच्यापेक्षा जास्त पाठ होतं. ती तिथेच खुराड्याजवळ बसली आणि रडली. एकच तुकडा उरला होता, आणि तोही लोण्याने माखलेला.

कोनादूबाई रंगाचं मडकं ढवळत राहिल्या. बिरागोने डोळे पुसले, खिशातून मीटर काढला आणि सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून, त्याच्या दोन तारा आईच्या मडक्यात बुडवल्या.

"माझ्या रंगात आता त्या विषारी तारा घालू नकोस," कोनादूबाई कडाडल्या.

पण मीटरचा काटा हलला होता. हलणारच. या रंगात सालीबरोबर लोहाराच्या भट्टीतली लोखंडाचं कीट उकळतात, म्हणून तर तो काळा होतो. बिरागो ताडकन उठली. उरलेल्या तुकड्यावरचं लोणी तिने राखेने आणि साबणाने घासघासून काढलं, तो उन्हात सुकवला आणि मग त्याला आईचा रंग असा पाजला की तुंब्याने तो पिऊन घेतला. ओल्या काळ्या सालीवर सुई टेकली की बोर्डवरचा लाल दिवा लागू लागला. कागद नको, काही नको. तुंबा स्वतःच सुईशी बोलायला लागला होता. मामाने ते पाहून नुसतं हं म्हटलं, पण दिवसभर तो तिथून हलला नाही.

राहता राहिली लाईट. लाईट गेली की सगळंच थांबणार आणि बोर्ड कुठवर आलो ते विसरणार. बिरागोने लॉरीच्या दोन बॅटऱ्या आणल्या. यंत्र हलवणाऱ्या मोटरी, बोर्ड आणि लॅपटॉप त्यांच्यावर जोडले. पण कोरणारी मोटर भिंतीतल्या विजेवरच होती; ती थांबली तरी बोर्ड थांबणार नव्हता, तो न फिरणारं पातं तुंब्यातून फरफटत नेणार आणि नक्षीचा सत्यानाश करणार. मग भिंतीतल्या विजेवर, ती गेली की इशारा देणारा एक छोटा रिले बसवला आणि त्याची तार बोर्डच्या त्या टोकाला नेली, जिथे इशारा आला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि हुकमाची वाट बघतो. फोटोकॉपीची यंत्रं दार उघडलं की थांबतात, तशीच ही गोष्ट. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही, त्वुमासीला तर नाहीच.

ठरलेल्या दिवशी राणीमातेच्या घरची माणसं सकाळीच आली आणि बाकांवर बसली. हे जमलं नाही तर तसेच उठून कुमासीला जायचं, हे त्यांनी न बोलताही सगळ्यांना कळत होतं. त्वुमासी रविवारचे कपडे घालून आला होता, वार वेगळा असूनही. बिरागोने तुकडा बसवला. सुईने त्याची पाठ हळूहळू चाचपली. मग पातं फिरू लागलं आणि चुलीचा पहिला दगड तुंब्यातून वर येऊ लागला. दुसरा आला, तिसरा आला. वळसा सुरू झाला.

आणि लाईट गेली.

सगळ्या गल्लीतून एकच लांब सुस्कारा आला. कुठे रेडिओ थांबला, कुठे पीठ दळायचं यंत्र. बाकांवरच्या माणसांनी मान हलवली. मामाने डोळे मिटून घेतले. त्वुमासी बिरागोकडे बघत होता. हसत नव्हता, हे त्याच्या चांगुलपणाला शोभून दिसलं.

पातं थांबलं होतं, आणि यंत्रही थांबलं होतं. पातं होतं त्या जागेवर, केसभरही न ढळता उभं. लॅपटॉपच्या पडद्यावर एकच ओळ होती, वाट पाहत असल्याची. बिरागो स्टूल ओढून बसली. आईने दिलेलं लापशीचं भांडं तिने तोंडाला लावलं आणि सावकाश संपवलं.

लाईट आली तेव्हा पोरं गल्लीत ओरडली. कोरणारी मोटर आपोआप फिरू लागली. बिरागोने तिला पुरा वेग घेऊ दिला आणि मग एक बटण दाबलं. पातं जिथे होतं तिथूनच पुढे निघालं, वळसा पुरा झाला, आणि जोड कुठे आहे ते भिंगाने शोधूनही सापडलं नसतं. त्वुमासी वाकून रिलेची तार बोटाने तपासत होता. त्याने ती बोर्डपर्यंत नेली, परत आणली, आणि मग तो असा हसला की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडल्या.

"माझ्या गड्याला हे शिकवता येईल का?" त्याने विचारलं.

"नाही," बिरागो म्हणाली. "पण तुम्हाला शिकवता येईल."

ओंजळ कोरून झाली. रेघांच्या कडेला तुंब्याचे बारीक तंतू राहिले होते. ते काढायला यंत्र चालत नाही, सुरीच लागते. बिरागो इकडेतिकडे पाहू लागली तोवर मामा उठून घरात गेला. आढ्यावरचं फडकं घेऊन आला आणि तिच्या मांडीवर ठेवून म्हणाला, कड साफ कर. तिने फडकं उलगडलं. मूठ मामाच्या पंजाच्या आकाराने झिजलेली होती, आणि तिचा पंजा तेवढाच मोठा होता. तिने एकेक तंतू काढला. मग मामाने काटक्या घेतल्या आणि कापऱ्या हातांनी, कुणाची मदत न घेता, ठशाची मूठ बांधली. त्याला बराच वेळ लागला. सगळे थांबले.

नवा ठसा कापडावर पहिल्यांदा उठवताना कोरणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, हा या घराचा दंडक. ते नाव मग त्या ठशाला कायमचं चिकटतं. ठसा झिजून गेला तरी लोक त्याच नावाने तो सांगतात. कोनादूबाईंनी ठसा रंगात टेकवला, निथळला, कापडावर ठेवून कडेकडून कडेकडे झुलवला आणि उचलला. कापडावर तीन दगड उभे होते, भोवती वळसा होता, आणि ओंजळ उघडी होती. कुठे डाग नाही, कुठे तुटलेली रेघ नाही. राणीमातेचा थोरला भाऊ बाकावरून उठला, ओल्या रंगावर वाकला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हीच, एवढंच तो म्हणाला.

मामा कापडाच्या टोकाला उभा राहिला. सगळ्यांना ठाऊक होतं तो काय म्हणणार, गेली कित्येक वर्षं तो तेच नाव घेत आला होता, स्वतःचं.

"नक्षी बादूची," तो म्हणाला. "कोरणारी बिरागो. माझी भाची."

थोरल्या भावाने पत्र्याखालच्या सांगाड्याकडे बोट दाखवलं आणि संकोचून विचारलं, कोरलं तर त्या यंत्राने, मग नाव त्याचं नको का घ्यायला?

"आजवर इतके ठसे काढले," मामा म्हणाला. "माझ्या सुरीचं नाव घेतलं होतं का कुणी?"

कुणी घेतलेलं नव्हतं. बिरागो सुरी हातात तशीच धरून उभी होती, आणि या वेळी ती मागे सरली नाही. कोनादूबाईंनी नाक ओढलं, लेकीचं नाव पुन्हा एकदा, मामापेक्षाही मोठ्याने घेतलं, आणि ठसा रंगात बुडवून पहिल्याच्या शेजारी दुसरा उठवला.